ग्रामपंचायतीचा जमाखर्च घरपोच पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या राजकारणावर पानभर लेख आला होता, वाचला, चांगला होता, पण सगळा ट्रम्प, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया. मी पुतणीकडे अडीच महिने राहून आलो ते राज्य व्हरमाँट, नकाशावर पार वर कॅनडाला चिकटलेलं, आणि अमळनेरला कोणाला सांगितलं की विचारतात, ते अमेरिकेतच येतं ना? म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटची मागणी राहू द्या.

राज्य केवढं तर आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे एकत्र केले की होतं जवळपास तेवढं, २५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आणि माणसं २०२० च्या जनगणनेत ६ लाख ४३ हजार. म्हणजे सगळा खानदेश रिकामा करा आणि त्यात फक्त जळगाव शहर आणि निम्मं धुळे ठेवा, झालं व्हरमाँट. राजधानी मॉन्टपेलियर, वस्ती ८ हजार, आपल्याकडे एवढ्या गावाला एसटी स्टँड मिळालं तरी नशीब. सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, ते पण ४५ हजारांच्या आतलं. आणि एवढ्याशा राज्याला खालच्या सभागृहात १५० आमदार आणि वरच्या सभागृहात ३०! आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ लाच ४२ लाख लोक होते आणि आमदार ११. तिथला आमदार दुकानात दूध घेताना भेटतो, आपला आमदार भेटायचा तर आधी पीएला तीन फोन.

राजकारण पण वेगळंच. गव्हर्नरची (म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समजा) निवडणूक दर दोन वर्षांनी, आणि २०१७ पासून फिल स्कॉट नावाचा रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाचा माणूस आहे, गाड्यांच्या शर्यतीत भाग घेणारा. आता गंमत बघा, २०२४ ला याच राज्याने राष्ट्राध्यक्षासाठी विरुद्ध पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅट कमला हॅरिसला ६० टक्क्यांच्या वर मतं दिली आणि त्याच दिवशी स्कॉटला ७० टक्क्यांच्या वर. आपल्याकडे एकदा चिन्ह धरलं की वरपासून खालपर्यंत तेच बटण. व्हरमाँटचा सिनेटर बर्नी सँडर्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तो मूळचा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा, म्हणजे बाहेरचा. सत्तरच्या दशकात चार वेळा पडला, आणि मग १९८१ ला बर्लिंग्टनचा मेयर झाला तो १० मतांनी. दहा! आमच्या वॉर्डात एका भाऊबंदकीत यापेक्षा जास्त मतं असतात.

आणखी एक सांगतो, हे मला फार आवडलं. कॅल्विन कूलिज तिथल्या प्लिमथ नॉच नावाच्या खेड्यात जन्मला, पुढे राजकारण केलं मॅसॅच्युसेट्समध्ये आणि उपराष्ट्राध्यक्ष झाला. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सुट्टीला वडिलांच्या घरी आलेला असताना राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले. घरात ना फोन ना लाईट. बाप नोटरी होता, त्याने रात्री पावणेतीनला रॉकेलच्या दिव्यात स्वतःच्या पोराला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली.

आता मुद्द्यावर येतो. मार्चचा पहिला मंगळवार हा तिथे टाउन मीटिंगचा दिवस, राज्याची अधिकृत सुट्टी असते. आपली ग्रामसभाच म्हणा, पण साहेब, फरक बघून मी गप्पच झालो. पुतणी मला तिच्या गावच्या सभेला घेऊन गेली, बाहेर गुडघाभर बर्फ, खाली चिखल (तिथले निम्म्याहून जास्त रस्ते मातीचे आहेत, अमेरिकेत!), शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या. मी मतदार नाही म्हणून बाजूला बसलो. सभा चालवायला एक मॉडरेटर, तो पण गावानेच निवडलेला. विषय वाचायचा, बोलायचं त्याने हात वर करायचा, मग सगळ्यांनी हो किंवा नाही ओरडायचं, आवाजावरून कळलं नाही तर डोकी मोजायची, आणि सात मतदारांनी मागितलं तर सरळ चिठ्ठ्या. बर्फ काढायचा ट्रक नवा घ्यायचा का जुनाच दुरुस्त करायचा यावर एक तास गेला. एक म्हातारी बाई हातात पुस्तिका घेऊन उठली आणि विचारते, पान अमुक, डिझेलचा खर्च मागच्या वर्षीपेक्षा जास्त का? आणि पंचाने उत्तर दिलं हो, चिडला नाही, "बघून सांगतो" पण म्हणाला नाही. दुपारी सगळ्यांनी घरून आणलेलं एकत्र जेवण.

ती पुस्तिका म्हणजेच खरी गोष्ट. टाउन रिपोर्ट म्हणतात. गावाला कुठून किती पैसे आले, रस्त्यावर किती, लायब्ररीवर किती, पुढच्या वर्षी किती मागताय, सगळं छापून सभेच्या किमान दहा दिवस आधी मतदारांच्या हातात. वर्षभरात गावात कोण जन्मलं, कोण गेलं ते पण त्यात. आणि बऱ्याच गावांत ज्यांनी कर थकवला त्यांची यादी, नावासकट. लोक वाचून येतात, म्हणून प्रसंगी "नाही"सुद्धा म्हणतात, २०२४ ला कितीतरी गावांनी शाळांचं बजेटच फेटाळलं.

सगळं गोड आहे असंही नाही. आता सभेला लोक कमी येतात, पुष्कळ गावांनी चर्चा सोडून दिवसभर मतपत्रिका टाकायची पद्धत घेतली, आणि घरं एवढी महाग की तरुण पोरं टिकत नाहीत, हे पुतणीच सांगते.

आता आमच्याकडे. कायद्याने वर्षाला चार ग्रामसभा तरी घ्याव्याच लागतात. कोरम १५ टक्के मतदार नाहीतर १०० लोक, जे कमी असेल ते. मंदिरासमोर दोन सतरंज्या, पंचवीस माणसं, कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, म्हणजे मग त्याच पंचवीस जणांत सगळे ठराव पास. मागच्या सभेत मी पाण्याच्या टाकीचा खर्च विचारला तर शेजारचा म्हणे, "आप्पा, सही करा नि घर जा, आठे काय ठेयेल शे?" (इथे काय ठेवलंय?) तो वाईट माणूस नाही, त्याला घाई होती, कापूस वेचायला मजूर लावलेले होते.

लोक म्हणतील सगळं ऑनलाइन आहे, ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर बघा. बघितलं मी. पुतण्याने उघडून दिलं तेव्हा. गल्लीत ज्या बाईच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं ती मोबाईलवर ते कुठे शोधणार?

तर मागणी एवढीच, प्रत्येक ग्रामपंचायतीने जमाखर्च साध्या मराठीत छापून ग्रामसभेच्या आधी दहा दिवस घरोघर द्यावा. खर्चाचं कारण सांगू नका, आमच्या गावात साडेचारशे उंबरे आहेत आणि वीस पानांची झेरॉक्स, नेत्यांच्या वाढदिवसाला चौकात जेवढे फ्लेक्स लागतात त्यापेक्षा स्वस्तच पडेल. (व्हरमाँटमध्ये १९६८ पासून रस्त्याकडेला जाहिरातीचे बोर्ड लावायलाच बंदी आहे, ते पण आवडलं मला.) येत्या २६ जानेवारीच्या सभेत मी हे लेखी देणार आहे ग्रामसेवकाला, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे. कोरम झाला नाही तर तहकूब सभेत देईन. तुम्ही छापलंत तर सोबत कात्रण जोडीन.

आपला जुना वाचक,
एक कापूसवाला शेतकरी, ता. अमळनेर

ता. क. थकबाकीदारांची यादी पण छापा असं मी म्हणणार आहे. माझेही घरपट्टीचे सोळाशे रुपये बाकी आहेत, ते आधी भरून येतो.