खुले पत्र: बंद नळामागच्या वाहिनीचेही गणित मांडा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हा विहिरी, टँकर व नळ यांचे नमुने घेण्याची धावपळ झाली. ती आवश्यकच होती. परंतु दूषित पाणी वाहिनीत एका ठिकाणी शिरले, तर ते किती तासांत कोणत्या गल्लीत पोचेल, याचे उत्तर नमुन्यांतून मिळत नाही. त्यासाठी वाहिन्यांच्या जाळ्याचे संगणकीय प्रारूप (मॉडेल), म्हणजे त्यातला पाण्याचा प्रवास संगणकावर मांडून पाहण्याची सोय, लागते.

हे तंत्र जुनेच आहे. अमेरिकेतील गिडियन या छोट्या गावात 1993 साली साल्मोनेला या जिवाणूची साथ आली. पाण्याला वास येतो म्हणून वाहिन्या धुण्यात आल्या आणि त्या ओघात टाकीतले, बहुधा पक्ष्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी गावभर पसरले, हा माग संशोधकांनी ‘एपानेट’ या, असे प्रारूप तयार करणाऱ्या संगणकप्रणालीच्या साह्याने काढला. ही प्रणाली विनामूल्य मिळते, त्यामुळे निदान तिच्या किमतीची सबब उरत नाही.

खरी अडचण निराळी आहे. वाहिनी सदैव भरलेली व दाबाखाली आहे, असे एपानेट मुळात गृहीत धरते. आपल्या बहुतेक शहरांत मात्र पाणी काही तासच येते, कुठे दिवसाआड. पुरवठा थांबला की दाब उतरतो, गळतीच्या फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपते, कोणी नळाला थेट मोटर लावली तर ते अधिकच ओढले जाते, आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडला की हे सारे पहिल्या धारेबरोबर घरात येते. पहिली बादली ओतून देणाऱ्या घरांना हे कोणत्याही प्रारूपाविना ठाऊक आहे. हे बंद तास वगळून केलेले प्रारूप कागदावर सुबक दिसेल आणि खोटा दिलासा देईल.

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक महानगरपालिकेने निदान एका जलकुंभाच्या क्षेत्रापासून सुरुवात करावी. व्हॉल्व्हमनच्या प्रत्यक्ष वेळा, गळतीदुरुस्तीच्या नोंदी आणि गढूळ पाण्याच्या तक्रारी प्रारूपात भराव्यात. आणि वाहिनीच्या शेवटच्या नळावर मोजलेला दाब व क्लोरीन यांच्याशी त्याची उत्तरे ताडून पाहावीत. भारतीय मानकानुसार तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ही पडताळणी पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि तिचे आकडे प्रभागनिहाय जाहीर करावेत.

आपला,
एक पाणीपट्टीदार नागरिक