उपग्रहाचा इशारा आला की आधी मालकाला फोन करा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

कोकणात खासगी रान न तोडता राखण्याचे करार मालकांशी होतात आणि त्या रानावर उपग्रहचित्रांतून लक्ष ठेवता येते. ती जरूर वापरावीत. मात्र चित्रात फरक दिसला की थेट नोटीस, असा पायंडा पडू देऊ नये.

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. सलग तोड त्यात कळते. निवडून पाडलेले ऐनाचे एखादे झाड कळत नाही. उलट फेब्रुवारी ते एप्रिल ऐन-किंजळ पाने टाकतात, हिरवेपणाचा आकडा घसरतो आणि न झालेली तोड दिसू लागते. म्हणून मार्चची तुलना मागच्या मार्चशीच हवी. पावसाळ्यात ढग असतात. सेंटिनेल-१ चे रडार ढगांतून पाहते, पण सह्याद्रीच्या उभ्या उतारांवर फसते. वणव्याच्या इशाऱ्याचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. त्यात जमिनीचे कितीतरी गट येतात, आणि आग शेजारच्या भाजावळीचीही असू शकते. गटनकाशा चित्रावर बसवताना हद्द सरकते, तेव्हा बांधालगतचे २० मीटर हिशेबात धरू नयेत.

इशारा आल्यावर दोन दिवसांत मालकाच्या ओळखीच्या कर्मचाऱ्याने फोन करावा: ‘वरच्या अंगाला काही काम काढलंय का?’ मग मालकासह पाहणी, आणि तोड खरी निघाली तरच पंचनामा. तोड चालूच असल्याचे कळले, तर वनरक्षकाने अर्थातच त्याच दिवशी जावे; लाकूड रातोरात हलते.

काही बिघडले नसेल तर तेही कळवावे. गट क्रमांकासह चित्राचे एक पान, मराठीत, वर्षातून एकदा. वर्षभर गप्प राहून फक्त संशय आला की फोन करणाऱ्याशी कोण मोकळेपणाने बोलेल? सातबाऱ्यावरची बरीच नावे मुंबईत असतात. बैठक गणपतीत घ्या, रानातली फेरी मे महिन्यात. भाद्रपदात रानातली पायवाट चालवत नाही.

जमीन विकली गेली की चित्रात काहीच बदलत नाही, पण नव्या मालकाला कराराचा पत्ता नसतो. करार मोडण्याचा खरा धोका तिथे आहे. म्हणून मालकाच्या संमतीने कराराची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त घ्यावी, आणि अशा गटावर फेरफार पडताच वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळेल अशी सोय महसूल विभागाकडून करून घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने खासगी जमिनीवरच्या समुदाय राखीव क्षेत्राच्या समितीत मालकाला जागा दिली आहे. या करारांतही त्याला चित्रे पाहण्याचा आणि हरकत नोंदवण्याचा हक्क लेखी द्यावा. फोन आणि फेरीचा खर्चही चित्रांच्या खर्चाबरोबरच मंजूर व्हावा.

आपले,
खासगी वनसंवर्धनात काम करणारे कार्यकर्ते