बाबा, तो पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा

आई, बाबा,

नमस्कार. व्हॉट्सअपवर टाकलं की बाबा तुम्ही अर्धंच वाचता आणि अंगठा दाखवता, म्हणून नीट लिहितेय, दादाला प्रिंट काढून आणायला सांगा. आणि तो पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा. पहिल्या फोटोत आपल्या संगिनीच्या, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायच्या त्या सुरीच्या, पात्यावरची अक्षरं चांगली दिसत होती, तिसऱ्या फोटोत निम्मी पुसट, कारण मधल्या रविवारी तुम्ही ती "जरा चमकवलीत". आई, तू तरी बघत काय बसलीस गं.

तर आपली संगीन. आपल्या घरात ठरलेलंच आहे की पणजोबांनी ती पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून, म्हणजे इराकमधून, आणली, चावडीच्या भिंतीतल्या १९१४-१९१९ च्या दगडावर गावातून गेलेल्यांचा जो आकडा आहे त्यात ते आहेतच, त्यामुळे शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. मीही कधी घेतली नाही. पण गेल्या शनिवारी इथे लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये गेले होते, तिथे त्या युद्धातली संगीन काचेमागे बघितली आणि मला एकदम वाटलं, अरे ही तर तलवारच आहे! १९०७ पॅटर्न म्हणतात तिला, नुसतं पातं १७ इंचांचं. इंग्रजांनी ली-एनफिल्ड रायफल आखूड केली, मग समोरच्यापर्यंत पोचायचं कसं, म्हणून संगीन लांब केली, आणि ती कल्पना उचलली जपान्यांच्या अरिसाका रायफलच्या संगिनीवरून. आणि तुम्ही टेप लावून मला काय सांगितलं होतंत? १२ इंच.

आधी वाटलं टोक मोडलं असेल, आजीने हळद काढायला वापरून वापरून झिजवली असेल (आजीचा काही भरवसा नाही). पण तसं नाहीये. दुसऱ्या महायुद्धापर्यंत १७ इंचांचं धूड कंबरेला लटकवून ट्रकमध्ये चढायचं म्हणजे वैताग झाला होता, म्हणून भारतात जुन्या संगिनी कापून १२ इंचांच्या केल्या आणि नंतर नव्याच तेवढ्या बनवल्या. कापलेली आणि नवी ओळखायची कशी, तर जुनीच्या पात्याला मधे लांब पन्हळ असते. बाळूकाका म्हणतात तशी ती रक्त वाहून जायला नसते हं, पातं हलकं व्हावं म्हणून असते. आपलीला पन्हळच नाही, सपाट पातं.

आता तुम्ही कृपेने शिल्लक ठेवलेली अक्षरं. वर मुकुट, खाली जी आर आय, म्हणजे जॉर्ज राजा आणि सम्राट, ते शेवटचं आय सम्राटाचं. मग मार्क टू, म्हणजे दुसरा नमुना. मग आर एफ आय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, कलकत्त्याजवळची. आणि ४३. तुम्ही ज्याला कावळ्याचा पाय म्हणत होतात तो बाण आहे, सरकारी मालाचा शिक्का.

बाबा, १९४३ साली इशापूरला बनलेली संगीन पणजोबांच्या हातात १९१६ ला कशी असेल?

मला माहितीये तुम्हाला हे आवडणार नाही. मलाही दोन दिवस चुकल्यासारखं झालं. पण मग वाचत बसले तर १९४१ च्या एप्रिलमध्ये आपली हिंदी फौज परत बसऱ्यालाच उतरली होती, इराकचं तेल जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून, आणि युद्ध संपेपर्यंत ती तिकडेच होती. म्हणजे गाव बरोबर असेल आणि माणूस चुकला असेल. आप्पा आजोबा. ज्यांच्याबद्दल सगळे म्हणतात "ते काय, बेळगावला डेपोत होते", आणि त्यांनीही कधी खोडून काढलं नाही.

म्हणून एक काम करा, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आप्पांचं डिस्चार्जचं पुस्तक असेल तर प्रत्येक पानाचा फोटो पाठवा, नंबर आणि पलटणीचं नाव मिळालं की मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र टाकते. संगिनीला फक्त मशीनचं तेल, कपड्याने, आणि मुठीवरचं ते अडकलेलं बटण ठोकू नका, तेल सोडून दोन दिवस ठेवा, आपोआप सुटेल. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. आणि आर्म्स रूल्सच्या, म्हणजे सरकारच्या शस्त्रांच्या नियमांच्या, यादीत संगिनीचं नाव आहे, तेव्हा चौकीत एकदा विचारून घ्या, आणि तोपर्यंत गणपतीत मांडणं बंद.

आई, एक तुला विचारायचंय. आप्पा खजूर समोर आला की ताटावरून उठायचे, आठवतंय ना, आणि बसऱ्याला तर म्हणे खजुराचीच बनं. आजी त्याबद्दल तुझ्याकडे कधी काही बोलली होती का?

तुमची,
ताई