टक्के छापा, पण 'पैकी' गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातल्या डबल मार्कर चाचणीची, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याची जोखीम सांगणाऱ्या रक्ताच्या चाचणीची, एक चौकट होती. 'चाचणी ९० टक्के अचूक', एवढंच त्यात ठळक होतं. ते वाचलं आणि पत्र लिहायला बसलो, कारण याच वाक्याने गेल्या श्रावणात आमच्या घरातला एक अख्खा रविवार खाल्ला.

सूनबाईचा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर आला. डाउन सिंड्रोमची जोखीम १:१८०, आणि खाली लाल अक्षरांत 'हाय रिस्क'. चिरंजीवांनी लॅबला फोन लावला, तर पलीकडच्या पोराने 'पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना दाखवा' एवढं बोलून ठेवून दिला. डॉक्टर भेटणार सोमवारी. मग मुलाने मोबाईलवर शोधाशोध केली, ९० टक्क्यांचा आकडा त्यालाही सापडला आणि त्याने सरळ वजाबाकी केली: बाळ ठीक असण्याची शक्यता दहा टक्के. इंजिनिअर आहे तो. सूनबाई रात्री जेवली नाही. रविवारी सकाळी आमची मंडळीही ओट्यापाशी नुसती उभी होती. चहा उतू गेला तरी कळलं नाही.

माझी नोकरी पंचायत समितीत सांख्यिकीच्या टेबलावर गेली. पशुगणनेची प्रपत्रं, पिकांचे गोषवारे, हेच काम. तिथली शिस्त एकच: तक्ता आखायचा, आडव्या बेरजा करायच्या, उभ्या बेरजा करायच्या आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात दोन्हींचा ताळा बसला पाहिजे. नाही बसला तर साहेब कागद परत भिरकावायचे. त्या रविवारी दुसरं काही सुचेना, म्हणून एक फुलस्केप घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि सूनबाईला शेजारी बसवलं.

समज, म्हटलं, वीस हजार गरोदर बायका आहेत. डाउन सिंड्रोम ढोबळमानाने हजारात एका बाळाला असतो, म्हणजे इथे वीस बाळं. ही वरची ओळ. रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफीतलं बाळाच्या मानेमागचं माप एकत्र धरलं, तर अशी शंभरातली नव्वदेक बाळं लक्षात येतात. वीसातली १८ 'पॉझिटिव्ह'च्या रकान्यात, २ 'निगेटिव्ह'च्या. उरल्या १९,९८० जणी. त्यांची बाळं ठीक आहेत, पण त्यांतल्याही पाच टक्क्यांना ही चाचणी उगाच घाबरवते. पाच टक्के म्हणजे ९९९. बाकी १८,९८१ निगेटिव्ह. आता उभ्या बेरजा मार: पॉझिटिव्ह १,०१७, निगेटिव्ह १८,९८३. ताळा वीस हजार. बसला.

सूनबाई बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, मी यातल्या कुठल्या रकान्यात?"

तिने विचारलं तेच खरं विचारायला हवं होतं. मुलगा आडव्या ओळीत वाचत होता: वीस आजारी बाळांपैकी अठरा सापडतात, नव्वद टक्के. पण रिपोर्ट हातात आलेली बाई उभी असते पॉझिटिव्हच्या रकान्यात. तिने उभं वाचायचं: १,०१७ पैकी १८. दोन टक्केसुद्धा नाहीत. अठरा तेच, तक्त्यातलं घर तेच; भागायचं कशाने ते बदललं. आणि हे झालं सरसकट सगळ्या पॉझिटिव्ह बायकांचं. तिच्या रिपोर्टवरचा १:१८० हा तिचं वय, रक्त आणि सोनोग्राफी बघून काढलेला तिचा स्वतःचा आकडा. अशा १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, बाकी १७९ जणींच्या बाळांना नाही. हे लाल शाईत कुणी छापत नाही.

वयानुसार वरची ओळ बदलते, हेही सांगायला हवं. विशीतल्या आईसाठी ही जोखीम पंधराशेत एक, चाळिशीत शंभरात एकाच्या आसपास. म्हणून तोच 'पॉझिटिव्ह' शब्द दोघींना सारखा लागू नाही. चाचणी वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. पुढची तपासणी कुणी करायची, एवढंच ती सांगते. सूनबाईने ती केली. तिचं काय आलं, ती आमची घरची गोष्ट.

पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. नाव ऐकूनच माणूस पळतो, आणि दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यातून पोरांच्या लक्षात राहतात ते फासे, नाणी आणि पत्ते. वास्तविक मराठीने हा सगळा विषय एका शब्दात उरकला आहे: पैकी. शाळेत 'पैकीच्या पैकी' मार्क म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं की नुसत्या ४८ ला अर्थ नाही, पन्नासपैकी की शंभरपैकी ते सांगावं लागतं. आणि ही चूक अडाण्यांचीच असं समजू नये. माझी पुतणी पुण्यात सांख्यिकी शिकवते. तिने सांगितलं, की अमेरिकेत डेव्हिड एडी यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या निबंधात स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल असाच प्रश्न, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह आलेल्या बाईला खरंच कर्करोग असण्याची शक्यता किती, हा डॉक्टरांना विचारल्याचा दाखला आहे. बरोबर उत्तर आठ टक्क्यांच्या आत होतं. बहुतेकांनी पंचाहत्तरच्या आसपास सांगितलं.

आपल्याच अंकात क्लासवाल्यांच्या जाहिराती असतात, 'यशस्वी विद्यार्थ्यांपैकी निम्मे आमचे'. तुमच्याकडे बसले होते किती, आणि त्यांपैकी किती लागले? तो रकाना कधीच दिसत नाही. हेल्मेटच्या बातम्यांचंही तेच: मृतांपैकी इतके विनाहेल्मेट होते हे येतं, रस्त्यावर एरवी किती जण विनाहेल्मेट फिरतात हे येत नाही. जाहिरातीचं मी समजू शकतो, त्यांना विकायचं असतं.

ती चौकट अशी छापता आली असती: 'डाउन सिंड्रोम असलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद सोनोग्राफीसह केलेल्या या चाचणीत लक्षात येतात, मात्र पॉझिटिव्ह आलेल्या शंभर बायकांपैकी जवळजवळ अठ्ठ्याण्णव जणींच्या बाळाला तो नसतो.' ओळी वाढतात, कबूल. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र कापा, पण एवढं वाक्य ठेवा.

आपला,
एक निवृत्त विस्तार अधिकारी, सांख्यिकी
कराड