ग्रीनिचहून अप्पांना

लंडन, रविवार

ती. अप्पा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात गेले होते. तिथे नेल्सन या ब्रिटिश नौसेनापतीचं एक तैलचित्र आहे, लेम्युएल ॲबट या चित्रकाराचं. त्यापुढे उभी राहिले आणि आपल्या ओटीवरचा भाऊआजोबांचा फोटोच डोळ्यांपुढे यायला लागला. म्हणून आज फोन न करता पत्र लिहिते आहे.

1797 च्या जुलैत टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या हल्ल्यात नेल्सनच्या उजव्या हाताला गोळी लागली. त्याच रात्री जहाजावर हात कोपराच्या वर कापावा लागला. आत रक्तवाहिनीला बांधलेला धागा जखमेत अडकून राहिला. तो डिसेंबरात सुटेपर्यंत बिचाऱ्याला अफू घेऊन झोपावं लागे. त्याच दिवसांत तो ग्रीनिचला आपला जुना कप्तान विल्यम लॉकर याच्याकडे आला असताना ॲबटसमोर बसला. ॲबटने तिथे कच्चं चित्र केलं आणि पुढच्या साऱ्या प्रती त्यावरूनच काढल्या. छातीवर तारा आहे, लाल फीत आहे, पण चेहरा फिकट. मला तरी त्या डोळ्यांत ठणका दिसला.

पुढच्या वर्षी फ्रेंच आरमाराविरुद्धची नाईलची लढाई जिंकल्यावर तुर्की सुलतान तिसरा सेलीम याने त्याला हिऱ्यांचा शिरपेच दिला. त्याला तेरा किरणं, हरलेल्या फ्रेंच जहाजांची. ॲबटने 1799 च्या प्रतीत टोपीवर तो रंगवला. पण नेल्सन तर 1800 च्या नोव्हेंबरात इंग्लंडला परतला! म्हणजे नुसतं ऐकून काढलेला. खरा शिरपेच 1951 साली याच संग्रहालयातून चोरीला गेला, तो पुन्हा मिळाला नाही.

(आई, हा नेल्सन पोरवयात ‘सीहॉर्स’ जहाजावरून आपल्या मुंबईलाही आला होता. त्या सफरीत हिवतापाने इतका खंगला, की 1776 मध्ये त्याला घरी पाठवलं.)

त्याची बायको फॅनी हिच्याकडे ॲबटनेच काढलेलं त्याचं चित्र होतं. तुम्ही दूर असताना हेच माझ्या सोबतीला, अशा अर्थाचं तिने त्याला पत्रात लिहिलं होतं. हे कळलं आणि मला आजी आठवली. भाऊआजोबा नौदलात गेले तेव्हाचा तो फोटो, छाती मोकळी. पदकांच्या फिती तिने मागाहून रत्नागिरीच्या स्टुडिओत रंगवून घेतल्या, असं तुम्हीच सांगितलं होतं. बर्मा स्टार या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकाच्या फितीत मधे लाल पट्टा, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ असते. आपल्या फोटोत ती रेघ पिवळी आहे. गेल्या दिवाळीत मी म्हटलं होतं, की फोटो पाठवा, कॉम्प्युटरवर रंग नीट करून देते.

अप्पा, ते राहू द्या. पिवळी रेघ तशीच राहू दे. आजीने तो रंग कुणाला तरी तोंडी सांगितला असणार. पदकं तेव्हा घरी आली होती का? की आजोबांच्या पत्रात वाचून तिने सांगितलं? तुम्ही लहान असाल, तरी आठवेल ते कळवा. आत्यालाही विचारा, ती तेव्हा आजीबरोबर रत्नागिरीला जायची.

आणि पावसाच्या आधी फोटो त्या ओल येणाऱ्या भिंतीवरून काढून माजघरात लावा. मागचा पुठ्ठा उघडलात, तर स्टुडिओचा शिक्का आहे का तेवढं बघा.

तुमची,
नंदा