दोन गल्ले

एर्लांगेन (जर्मनी), रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

दुकानात आता दोन गल्ले झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं. स्टील काकांकडे, तांबं-पितळ आपल्याकडे. म्हणजे रुखवताची भांडी घ्यायला आलेल्यानं दोन पावत्या करायच्या!

इथून बसनं अर्ध्या तासावर हेर्त्सोगेनआउराख नावाचं गाव आहे. आज तिथे जाऊन आले. अडोल्फ आणि रुडोल्फ दासलर हे भाऊ तिथे मिळून बूट करायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्स त्यांचेच बूट घालून धावला. १९४८ मध्ये दोघांचं फाटलं. एकाची आदिदास, दुसऱ्याची प्यूमा, मधे नदी. कशावरून बिनसलं, ते आजही कुणी छातीठोक सांगत नाही. गावातली माणसं आधी समोरच्याचे बूट बघायची, मग बोलायचं की नाही ते ठरवायची. आपलं गिऱ्हाईकही आता पायरीवरूनच कोण कुठे बसलंय ते बघत असेल. भावांच्या कबरी एकाच दफनभूमीत, पण दोन टोकांना. १९९० च्या सुमाराला दोन्ही कंपन्या घराण्याबाहेर गेल्या.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे आदिदास! पण बाबा, वीस वर्षं तुम्ही काकांना हिशेब विचारला नाहीत. विचारला तर अविश्वास दिसेल म्हणून. आणि विचारलात तो थेट वकिलाच्या नोटिशीनं. काकांचा दादा दहा तास काउंटरवर उभा असतो, त्याचा पगार कधी ठरलाच नाही. तो गल्ल्यातून घेतो त्याला तुम्ही उचल म्हणता, काकू हक्क म्हणते. माझ्या मते दोघंही चूक नाही. ठरवलंच नव्हतं, तर चूक कशी काढायची?

तुमचं एका पानाचं भागीदारीपत्र मी वाचलंय. दोनच भागीदार, त्यातला एक गेला की कायद्यानं फर्म संपते. मग माल, उधारी, बँकेचं कर्ज निस्तरायला मी आणि दादा. आणि आम्ही तर तुमच्यापायी बोलतही नाही.

नात्यातला नसलेला एखादा सीए बसवा. दादाचा पगार, दोघांची उचल, वेगळं व्हायचं झालं तर किंमत कशी काढायची, सगळं कागदावर येऊ दे. नोटीस मागे घ्या, एवढं माझ्यासाठी.

दिवाळीला येतेय. वहीपूजन कुठल्या गल्ल्यावर, ते आधी कळवा.

आणि आई, काकूनं भाजणी पाठवली तर परत करू नकोस.

तुमची,
धाकटी