गोल चट्टा दिसला म्हणजे नायटाच, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या वसाहतींत कुत्र्यांच्या अंगावरच्या चट्ट्यांची चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, ‘नायटा झालाय, पोरांना लागेल, कुत्रं हलवा.’ कुणी म्हणते, ‘मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, आता कमी आहे.’ निदान मात्र कुणीच केलेले नसते. दोन्ही पक्षांसाठी हे पत्र.

कुत्र्याच्या अंगावर केस गेलेला, कडेला खपली असलेला गोल चट्टा दिसला, तर तो बुरशीचा, म्हणजे नायट्याचा, असण्यापेक्षा जिवाणूंमुळे झालेला असण्याची शक्यता जास्त असते. पुळी फुटते, तिच्याभोवती कातडीचे पापुद्रे वर्तुळात सुटतात आणि चित्र हुबेहूब नायट्यासारखे दिसते. लहान पिलांच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गेले असतील, तर डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याची खरूज असू शकते. कानांच्या कडा आणि पायांची कोपरे खाजवून रक्ताळले असतील, तर दुसरी, संसर्गजन्य खरूज. या तिन्हींवर बुरशीचे मलम लावून काही होत नाही. म्हणून पहिली तपासणी ब्लेडने कातडी खरवडून घ्यायची. तिला काही मिनिटे लागतात आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

बुरशीचा संशय उरलाच तर केस तपासावे लागतात. चट्ट्याच्या मधले केस घेऊन उपयोग नाही. कडेचे, तुटलेले, निस्तेज केस चिमट्याने वाढीच्या दिशेने उपटायचे. काचपट्टीवर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, त्यावर केस, वर झाकणकाच, आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. बाधित केस फुगलेला, कडा विसकटलेला दिसतो आणि त्याच्या बाहेरून बारीक बीजाणूंचे अस्तर चढलेले असते. ते दिसले तर निदान झाले. दिसले नाही तर मात्र बुरशी नाही, असे म्हणता येत नाही.

वूड्स लॅम्प म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. त्याबद्दल गैरसमज फार आहेत. या दिव्याखाली मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने बाधलेले केस हिरव्या सफरचंदाच्या रंगाचे चमकतात. केसच, कोंडा नव्हे. कोंडा, मलम, साबणाचा अंश हेही चमकतात, पण पांढरट किंवा निळसर. मातीतून येणारी नॅनिझिया जिप्सिया आणि उंदीर-घुशींकडून येणारी ट्रायकोफायटॉन या दिव्याखाली चमकतच नाहीत. त्यामुळे जमीन उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकावरचा चट्टा दिव्याखाली काळाच राहिला, तरी निश्चिंत होता येत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या जांभळ्या टॉर्च नोटा तपासायला ठीक, पण निदानाच्या दिव्याची तरंगलांबी साधारण ३६५ नॅनोमीटर असावी लागते.

खात्री होते ती कल्चरने, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहिल्याने. नवी कोरी दातघासणी चट्ट्यावरून आणि त्याभोवती दोन-तीन मिनिटे फिरवायची आणि तिचे केस डीटीएम या बुरशी वाढवायच्या माध्यमावर हलके टेकवायचे. माध्यम पिवळसर असते. त्वचेची बुरशी वाढू लागली की पांढरी, कापसासारखी वाढ आणि माध्यमाचा लाल रंग एकाच वेळी दिसतात. इथेच चूक होते. बाटली कपाटात ठेवून दहा दिवसांनी उघडली तर ती लाल असतेच, कारण हवेतल्या साध्या बुरशाही शेवटी माध्यम लाल करतात. रोज पाहून लाली कोणत्या दिवशी आली, हे टिपले नाही तर चाचणी वाया गेली. हिरवी, काळी, राखाडी वाढ नायट्याची नसते. पांढरी वाढ आली तरी तिचा कण चिकटपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करू नये. आणखी एक अडचण आपल्या हवेची. माध्यमाला २५ ते ३० अंश तापमान लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना टेबलावर ठेवलेले माध्यम सुकून तडकते. दवाखान्यात इन्क्युबेटर नसेल तर उन्हाळ्यात नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा.

लॅब्रॅडॉर, पग, कॉकर अशा कुत्र्यांच्या काखेत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत तेलकट, काळपट कातडी आणि आंबूस वास असेल, तर ते बहुधा मॅलॅसेझिया या यीस्टचे काम असते. चिकटपट्टी कातडीवर दाबून रंगवली की शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. हे एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. मात्र मागे ॲलर्जी, पिसवा किंवा थायरॉइड असे कारण दडलेले असते. ते शोधले नाही तर दर पावसाळ्यात तेच चक्र.

आता उपचार. क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मायकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरायचा. तो अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटे राहिला पाहिजे. लावला आणि लगेच धुतला तर पैसे गटारात. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसते, हे खरे. म्हणून पाणी येण्याच्या दिवसाशी अंघोळीचा वार जुळवून घ्या. आधी मगाने अंग ओले करून शाम्पू लावला तर मध्यम आकाराच्या कुत्र्याला दोन बादल्या पुरतात. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरू नका.

नायटा पसरला असेल तर पोटातून औषध लागते. इट्राकोनॅझोल दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, दिवसातून एकदा जेवणासोबत. सोबत ॲसिडिटीची गोळी दिली तर औषध नीट शोषले जात नाही, आणि ही गोळी आपल्याकडे सवयीने दिली जाते. टर्बिनाफिन या दुसऱ्या बुरशीनाशकात चूक होते ती मात्रेची. माणसाची २५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली की झाले, असे लोकांना वाटते. कुत्र्याचा हिशेब दर किलोला ३० ते ४० मिलिग्रॅमचा आहे, म्हणजे २० किलोला किमान ६०० मिलिग्रॅम. अर्धवट मात्रेने बुरशी मरत नाही. गाभण कुत्रीला ग्रिसिओफुल्विन कधीही देऊ नये. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन चालू असेल तर केटोकोनॅझोल टाळावे, दोन्ही मिळून मेंदूवर विषारी परिणाम होऊ शकतो. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिले आहेत, वजन आणि यकृताची तपासणी त्यांनाच करू द्या.

मेडिकलमधल्या त्या ट्यूबविषयी स्पष्टच लिहितो. तिच्यात बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड आणि एक प्रतिजैविक असते. तीन-चार दिवसांत लाली आणि खाज जाते, घरचे खूश होतात. बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढची तपासणीही गढूळ होते. शिवाय कुत्रा ते मलम चाटतो. अशी स्टिरॉइड मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांतून काढली, तरी काउंटरवर मागितली की ती मिळतात. जळके इंजिन ऑइल, रॉकेल आणि मोरचूद यांबद्दल तर बोलायलाच नको. चाटून विषबाधा होते आणि कातडी भाजते ती वेगळीच.

चट्ट्यावर केस आले म्हणजे बुरशी गेली, असे धरून बहुतेक जण औषध थांबवतात. केस आधी येतात, बीजाणू नंतर जातात. आठवड्याच्या अंतराने दोन कल्चर कोरे येईपर्यंत उपचार चालू ठेवावेत. त्याला सहा ते दहा आठवडे सहज लागतात.

घर साफ केले नाही तर हे सगळे व्यर्थ. कुत्र्याला दिलेली जुनी सोलापुरी चादर फेकायची गरज नाही. यंत्र ठासून न भरता ती दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. फरशी आधी साबणाने पुसा, कारण घाण असेल तिथे ब्लीच काम करत नाही. मग एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे ३० मिलिलिटर ब्लीच घालून फरशी दहा मिनिटे ओली ठेवा. त्यात फिनेल किंवा ॲसिड मुळीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

राहिला मुलांचा प्रश्न. कुत्र्याचा नायटा माणसाला लागतो, लहान मुले आणि वृद्धांना जास्त. पण सध्या घरोघरी जो हट्टी नायटा दिसतो, तो बहुतांशी माणसाकडून माणसाला, सामायिक टॉवेल आणि कपड्यांतून पसरतो. घरातल्या चौघांना झाला म्हणून दोष कुत्र्यावर टाकण्याआधी त्याचे केस तपासून घ्या.

पशुसंवर्धन खात्याने सर्वचिकित्सालयात सूक्ष्मदर्शकाखालची केसतपासणी आठवड्यातून ठरावीक दिवशी ठेवावी आणि तो वार दारावर लिहावा. उपटलेले केस तिकडे नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत, त्यात ओल धरते आणि भलतेच जिवाणू माजतात. साध्या कागदी पाकिटात घालून, वर कुत्र्याचे वय आणि आधी कोणते मलम लावले तेवढे लिहून द्यावे.

– एक पशुवैद्यक, सोलापूर